अर्जातून खोडलेली गरिबी

मला आज जे काम आहे ते आमच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडममुळे. हे आधी लिहून ठेवते. पुढे जे लिहिणार आहे त्यात रागच जास्त आहे, आणि माझ्या रागात त्या बाजूला पडल्या तर मला चैन पडणार नाही.

मॅडम एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागल्या आणि बरीच वर्षं आवक-जावकच्या टेबलावर होत्या. बाहेरून येणारा प्रत्येक कागद आधी त्यांच्या हातात यायचा, त्यावर शिक्का, नंबर, आणि मग पुढे. आता निवृत्त आहेत, एकट्या राहतात. दाराच्या चौकटीला पंचशील ध्वज, आत पुस्तकांचं कपाट आणि गुडघ्यांसाठी घेतलेली एक उंच खुर्ची. कात्रजच्या आमच्या इमारतीत वॉचमनपासून भाजीवाल्यापर्यंत सगळे त्यांना मॅडमच म्हणतात. मीही तेच म्हणते.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर कॉट बेसिसवर राहते. एका खोलीत चौघी, प्रत्येकीला एक कॉट, आणि कॉटखाली मावेल तेवढा संसार. माझं गाव पुसदच्याही पुढे. नववीत शाळा सुटली. सुटली म्हणायची पद्धत आहे, जशी काही ती हातातून निसटून पडते. आई आजारी पडली, घरात स्वयंपाकाला कुणी नव्हतं, भावाची दहावी होती, म्हणून मला काढली. भाऊ त्या दहावीत नापास झाला, तर त्याला परत बसवला. माझं नाव परत कुणी काढलं नाही.

पुण्यात आले ते मावसबहिणीच्या ओळखीने, कोथरूडच्या एका पोळी-भाजी केंद्रात. आधी नुसत्या पोळ्या लाटायचे. हळूहळू भाजीचा अंदाज, किराण्याची मागणी, डबे भरणं, पोरांकडून ते वेळेवर पोहोचवून घेणं, सगळं माझ्याकडे आलं. मालकीणबाई चांगल्या होत्या. पण दिवाळीनंतर त्या मुलाकडे बंगळुरूला जाणार होत्या, केंद्र बंद करून. मला त्यांनी दसऱ्यालाच सांगितलं. भावाला कळलं तसा त्याचा फोन आला की मग आता ये परत, एक स्थळ बघून ठेवलंय. मुलगा कसा आहे विचारलं, तर म्हणाला, पहिली बायको वारली, पण पोरं मोठी आहेत, तुला काही करावं लागणार नाही. काही करावं लागणार नाही म्हणजे किती करावं लागेल, ते मला चांगलं ठाऊक होतं. दिवाळीच्या आत काम मिळालं नाही तर मला जावं लागणार होतं. कॉटचं भाडं मला कोण देणार होतं?

तेव्हाच डबे घेणाऱ्या एका मुलीने मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. कोथरूडमध्येच मुलींचं मोठं वसतिगृह आहे, एका संस्थेचं. तिथल्या मेसला सहायक पर्यवेक्षिका हवी होती. दहावी पास किंवा स्वयंपाकघराचा अनुभव. मी ते 'किंवा' किती वेळा वाचलं असेल. आणि खाली एक ओळ होती, की अर्ज कव्हर लेटरसह ईमेलने पाठवावा.

मला तेव्हा कव्हर लेटर म्हणजे पाकीट वाटलं होतं. खोलीतल्या मुलीने सांगितलं, बायोडेटाच्या वर एक पत्र जोडतात, त्यात मी या कामाला का योग्य आहे ते पटवून द्यायचं. ती हिंजवडीला आयटीत आहे. तिने माझं वय, शिक्षण, काम विचारलं, मोबाइलमध्ये काहीतरी घातलं आणि चहा उकळेपर्यंत पत्र तयार. इंग्रजीत, पानभर. म्हणाली, "एकदम प्रोफेशनल झालंय. यू विल गेट अ कॉल." खरंच कॉल आला. मी तिला पेढे दिले. तिच्यावर माझा राग नाही, तिला जे येत होतं ते तिने केलं.

मुलाखतीला मी तासभर आधी पोहोचले. बसने वेळ होईल या धास्तीने तीन बस आधीची पकडली होती. बाहेरच्या बाकावर बसून फाइल उघडून बघायची, मिटायची, परत उघडायची, असं चाललं होतं. आत बोलावलं तेव्हा टेबलामागे एक एचआरचे सर होते, माझ्याहून लहानच असतील, गळ्यात कार्ड लटकवलेलं. बाजूला हिशेब बघणाऱ्या एक बाई, आणि कुणीतरी तिसरे जे सगळा वेळ मोबाइलमध्ये होते. सर माझं पत्र हातात घेऊन म्हणाले, छान लिहिलंय, जरा वाचून दाखवा.

मला इंग्रजी अक्षरं लागतात. दुकानांच्या पाट्या, मसाल्याची पाकिटं, औषधाच्या बाटल्या वाचते. पण ते पान म्हणजे नुसते लांबलांब शब्द. मी पहिली ओळ अडखळत वाचली. दुसरीत थांबले.

"वाचा की," सर म्हणाले. "आपलंच आहे ना?"

मी हो म्हणाले. मग त्यांनी पत्र माझ्या हातून घेतलं आणि स्वतःच मोठ्याने वाचायला लागले, आवाज लावून, शाळेच्या गॅदरिंगमध्ये बोलतात तसा. एका जागी थांबले.

"तुम्ही क्रॉस-फंक्शनल टीम लीड केली आहे म्हणता. कुठे?"

मी विचारलं, कसली टीम?

"अहो, टीम तुम्ही चालवलीत, आम्हाला कसं माहीत असणार?"

हिशेबाच्या बाई हसल्या. मोबाइलवाल्यांनी मान वर केली, हसले, आणि परत खाली घातली. मी म्हणाले, सर, मला मराठीत विचारा, मी सांगते. त्यावर ते म्हणाले, "इंग्रजी आज घरीच ठेवून आलात वाटतं." मग कामाचं एकही विचारलं नाही. पोळी किती जणांची येते, किराणा कसा लावता, काही नाही. कळवू, म्हणाले.

मी खोटं पाठवलं होतं, मला ते कबूल आहे. पण मला एक सांगा, मेसमध्ये भाजीत मीठ किती आणि पोरींच्या पोटात काय गेलं हे बघायला जी बाई हवी, तिच्याकडून पानभर इंग्रजी कुणाला हवं होतं? माझं पत्र खोटं आहे हे त्यांना वाचतानाच कळलं होतं. तरी बोलावलं. कोथरूडपासून कात्रजपर्यंत मी हाच विचार करत उभी होते. मला बोलावलं होतं ते पत्र मोठ्याने वाचायला.

त्या संध्याकाळी जिन्यात मॅडम भेटल्या. गुडघ्यांमुळे त्या एकेका पायरीवर थांबत चढतात. मी त्यांची पिशवी घेतली. त्यांनी विचारलं, काय झालं मुलाखतीचं. मी एका दमात सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले की असल्या लोकांच्या दारात परत पाय ठेवणार नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. अरेरे वगैरे काही नाही. विचारलं ते एवढंच.

"नाही म्हणाले का?"

"कळवू म्हणाले."

"म्हणजे जागा रिकामी आहे. चल वर. कागद आण."

मला आणखी राग आला. माझी तिथे शोभा झाली आणि या मला परत तिथेच पाठवायला निघाल्या होत्या. पण त्यांच्यासमोर नाही म्हणायची आमच्या इमारतीत कुणाची छाती नाही. मी वही घेऊन वर गेले. त्यांनी मला खाली चटईवर बसवलं, स्वतः खुर्चीत बसल्या, आणि म्हणाल्या की तुझा तू लिही, मराठीत, मला काही विचारू नकोस, झालं की दाखव.

मी लिहिलं. मला अर्ज लिहायचा एकच प्रकार माहीत होता. आमच्या तहसील कचेरीबाहेर झाडाखाली एक माणूस टेबल टाकून बसतो. वडिलांचा घरकुलाचा अर्ज त्याने लिहिला होता, तेव्हा मी बरोबर होते. त्याने काही न विचारता सुरुवात केली की मी अत्यंत गरीब व निराधार असून. वडील म्हणाले, अहो, निराधार कसा, दोन म्हशी आहेत, पोरगा आहे. तो म्हणाला, लिहावं लागतं. वडिलांनी खाली अंगठा उठवला आणि निराधार होऊन घरी आले. शाळेच्या फीचा अर्ज असो, दवाखान्यातला असो, रेशनचा असो, आमच्याकडे अर्ज म्हणजे आधी आपलं दुःख मांडायचं, मग समोरच्याला मायबाप करायचं, मग पाया पडायचं. जितकं जास्त रडाल तितकं काम होतं अशी समजूत. तसाच मी लिहिला. उपरोक्त विषयास अनुसरून, मी एक गरीब घरची मुलगी असून, शिक्षण परिस्थितीमुळे अपूर्ण राहिले असून, घरची सर्व जबाबदारी माझ्यावर असून, आपण कृपाळू होऊन मला एक संधी द्यावी ही पुन्हा पुन्हा नम्र विनंती. खाली आपली आज्ञाधारक.

मॅडमनी चष्मा लावला. त्यांच्याकडे अजून लाल पेन्सिली आहेत, कचेरीतल्या सवयीच्या. वाचता वाचता खोडत गेल्या. अख्खं पान लाल झालं. शेवटी माझं नाव आणि पत्ता राहिला.

"यात तुला काय येतं ते कुठाय?"

मी म्हणाले, ते बायोडेटात आहे. त्या म्हणाल्या, बायोडेटात वर्षं आहेत. काम कुठाय? मी पुन्हा लिहिलं, थोडं कमी गरीब होऊन. तेही खोडलं. विषय वर लिहिला आहेस तर परत विषयास अनुसरून कशाला, वाचणारा काय वरची ओळ विसरला? आणि कृपाळू होऊन म्हणजे काय? तो त्याच्या खिशातून देणार आहे का? त्यांना बाई हवी आहे म्हणून त्यांनी जाहिरात दिली. गरज त्यांचीही आहे.

तिसऱ्यांदा खोडलं तेव्हा माझा धीर सुटला. दिवाळी जवळ आलेली, भावाचे रोज फोन, आणि या बाई लाल रेघा ओढत बसलेल्या.

मी म्हणाले, "मॅडम, तुम्हाला पेन्शन येते, म्हणून तुम्हाला हे सुचतं. आम्ही हात जोडले नाहीत तर आम्हाला काहून देईल कोणी?"

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मला वाटलं, आता मला उठवणार.

"पेन्शन नव्हती तेव्हाही मी जोडले नव्हते," त्या म्हणाल्या. "माझा पहिला अर्ज मी वडिलांसमोर बसून लिहिला. ते कारखान्यात हमाली करायचे, वाचायला उशिरा शिकले. मी कृपा लिहिलं तर म्हणाले, आपल्या मागच्या सगळ्यांनी हात जोडण्यात जन्म काढला, तू निदान कागदावर तरी जोडू नकोस. त्यांनी मला तो अर्ज परत लिहायला लावला, पाच वेळा. तुझे तर तीनच झालेत."

मी वही परत ओढली.

मग त्यांनी मला लिहायचं थांबवलं आणि बोलायला लावलं. सकाळी गेल्यावर पहिल्यांदा काय करतेस, विचारलं. मी म्हणाले, डबे उघडते. कुठले डबे? आदल्या दिवशीचे, परत आलेले. धुवायला टाकायच्या आधी मी प्रत्येक डबा उघडून बघते काय राहिलंय. आमचे डबे जास्त करून शिकणाऱ्या मुलींकडे जायचे. दुधीची भाजी परत आली तर मी दुधी बंद करत नाही, चण्याची डाळ घालून बघते. परीक्षा असली की भात तसाच परत येतो, मग मी भात कमी करून ताक देते. एखादीचा डबा लागोपाठ भरलेलाच परत आला तर डबा नेणाऱ्या पोराला सांगते, विचारून ये, बरं नाही का. हे सगळं मी सहज सांगत होते, त्यात काही सांगण्यासारखं आहे असं मला वाटत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, हे लिही. आत्ता बोललीस तसंच. मी म्हणाले, खरकट्याचं अर्जात लिहायचं? त्या म्हणाल्या, मेसच्या बाईच्या अर्जात नाही लिहायचं तर कुठे लिहायचं?

लिहिलं. पहिल्याच ओळीत कोणत्या कामासाठी आणि ते काम आत्ता मी कुठे करते. मग डब्यांचं. मग नासका पनीर मी कसा परत पाठवला आणि त्या दिवशी ऐनवेळी काय शिजवलं ते. मग तुमच्याकडे आले तर पहिल्या महिन्यात काय बघेन ते. शिक्षण नववी, असं साधं एका ओळीत, परिस्थितीचं नाव न काढता. खाली विनंती नाही, भेटायला कधी येऊ शकते ते, आणि आपली विश्वासू. एकाच पानात बसलं, वर जागा उरली. मॅडमनी दोन ठिकाणी पूर्णविराम दिले आणि पेन्सिल बाजूला ठेवली. शाबासकी दिली नाही.

मी म्हणाले, ईमेल करून घेते खोलीतल्या मुलीकडून. तर त्या म्हणाल्या, ईमेलवर तो एकदा हसलाय. हाताने नेऊन दे. दोन प्रती ने, एक त्यांना, एक तुझी, आणि तुझ्या प्रतीवर पोच घे. पोच म्हणजे मिळाल्याचा शिक्का आणि सही. मी विचारलं, त्याने काय होणार? त्या म्हणाल्या, "पोच मागितली की कुणाला तरी कागद हातात घ्यावा लागतो. आणि घेतला की नजर जातेच. उगाच सही कुणी करत नाही. मी कधी केली नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारचे डबे गेल्यावर मी त्या वसतिगृहात गेले. दोन्ही प्रती चुरगळू नयेत म्हणून पदरात धरल्या होत्या. पुढच्या टेबलावरच्या मुलीने पत्र घेतलं आणि ट्रेमध्ये टाकलं. मी दुसरी प्रत पुढे केली, म्हणाले, यावर पोच द्या. तिने विचारलं, व्हॉट? मी सांगितलं, शिक्का आणि सही. ती म्हणाली, मॅम, आम्ही असं देत नाही, सगळं ऑनलाइन आहे. मी म्हणाले, मी हातात दिलंय, तर पोच हातात द्या. ती म्हणाली, शिक्का नाहीये आमच्याकडे. मी उभी राहिले. हलले नाही. मागे कुरियरवाला आला, त्याला तिने सही दिली. मी म्हणाले, बघा, त्याला दिलीत. ती वैतागली. शेवटी म्हणाली, शिक्का फक्त रेक्टर मॅमकडे आहे, मुलींच्या रजेच्या पासवर मारायचा, तिकडे जा.

रेक्टरबाई आत एका लहान खोलीत होत्या. मी पोच मागितल्यावर त्यांनी शिक्का उघडला, शाईच्या पॅडवर टेकवला, आणि मग कशावर मारतोय ते बघायला कागद वळवला. आणि वाचायला लागल्या. शिक्का हातात तसाच. सगळं वाचलं. मग मला बसायला सांगितलं आणि डब्यांबद्दल विचारलं, एखादीचा डबा भरलेलाच परत आला तर खरंच निरोप पाठवता का. मी म्हणाले, हो, एकदा त्यातूनच एका मुलीची कावीळ कळली. त्यांनी फोन उचलला आणि एचआरच्या सरांना बोलावलं, कारण नेमणूक त्यांच्या हातात होती.

ते आले. मला बघताच ओळखलं. पत्र उभ्याउभ्याच वाचलं.

"मागच्या वेळी इंग्रजी होतं, या वेळी मराठी साहित्य आहे," ते म्हणाले. "हे कोणाचं?"

"माझं."

"मागचंही आपलंच होतं."

तेवढ्यात माझ्या अंगातली सगळी भीती कुठे गेली कोण जाणे. मी म्हणाले, कोरा कागद द्या, इथे बसून लिहिते. त्यांनी गंमत म्हणून प्रिंटरमधला एक कागद काढून माझ्यासमोर सरकवला. रेक्टरबाईंनी पेन पुढे केलं.

मी लिहायला बसले. मॅडमकडे लिहिलेलं पत्र पाठ नव्हतं, आणि मला ते परत लिहायचंही नव्हतं. दारातून येताना मेसच्या खिडकीतून जे दिसलं होतं ते लिहिलं. वाढण्याच्या टेबलाजवळच हात धुवायचं बेसिन आहे, तिथे रांगा एकमेकींत अडकतात. पोळ्या एकदम सगळ्या करून ठेवल्यात, शेवटच्या मुलींना गार मिळत असणार. हे मी पहिल्या आठवड्यात बदलून बघेन. खाली सही करायच्या जागी थांबले आणि आणखी दोन ओळी लिहिल्या. मागचं पत्र माझं नव्हतं, ते मी पाठवायला नको होतं. पण ते मोठ्याने वाचून मला हसायचीही तुम्हाला गरज नव्हती.

लिहिताना मला कळत होतं की या ओळींमुळे काम जाऊ शकतं. भावाचा फोन, ते स्थळ, ती मोठी पोरं, सगळं डोळ्यांपुढे होतं. तरी खोडल्या नाहीत. कागद दिला.

सरांनी वाचला. शेवटी आल्यावर त्यांच्या भुवया जरा वर गेल्या, बस.

"हे शेवटचं अर्जात बसत नाही," ते म्हणाले.

"बसत नसेल," मी म्हणाले. "खरं आहे."

त्यांनी कागद रेक्टरबाईंकडे दिला. त्यांनीही वाचला, सरांकडे बघितलं, आणि मला विचारलं की दिवाळीनंतरच्या सोमवारपासून येता येईल का. तीन महिने बघू, मग कायम करायचं ठरवू. सर म्हणाले, दोन फोटो आणि आधार कार्ड घेऊन या. आणि गेले. माफी नाही, ओशाळले नाहीत, काही नाही. जणू ते नेहमीच असं करतात आणि पुढेही करणार. हे मला आजही खुपतं. मला काम मिळालं म्हणून त्या दिवशीचं हसणं पुसलं गेलं असं कुणी समजू नये. माझ्याआधी तिथे कितीजणी तशाच मोबाइलवर लिहून घेतलेलं पत्र घेऊन बसल्या असतील आणि कळवू ऐकून घरी गेल्या असतील. त्यांच्या जिन्यात मॅडम नसतील. ज्या कामात लिहायचं नाहीच, त्या कामाला असलं पत्र मागायचं, आणि आलं की त्यावर हसायचं, याला मी अजून नाव शोधते आहे.

मी धावत तिसऱ्या मजल्यावर गेले. मॅडमना सगळं सांगितलं. वाटलं होतं खूश होतील. त्या शेवटच्या दोन ओळी ऐकून चिडल्या.

"अर्जात तक्रार घालायची नसते," त्या म्हणाल्या. "तक्रारीचा वेगळा अर्ज करायचा असतो."

मग चष्मा काढून पुसला आणि चहा टाकायला उठल्या. मला उठू दिलं नाही. ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या राहून म्हणाल्या की आता रजा किती मिळेल ते विचारून घे, पगारी असते ती, हक्काची. मला आजवर पगारी रजा ठाऊक नव्हती. केंद्रात ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी पैसे नाहीत.

तीन महिने झाले, कायम झाले. आता मला वर्षात काही दिवस असे आहेत की काम न करता पगार मिळतो. ते कशाला वापरायचे ते मी ठरवलं आहे. मॅडम तरुणपणी दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला दीक्षाभूमीला जायच्या, वडिलांबरोबर, मग एकट्या. गुडघे गेल्यापासून त्या गर्दीत जाता येत नाही. त्यांचा मुलगा परदेशात असतो, तो म्हणतो, आई, मोबाइलवर लाइव्ह बघ. त्या बघतात, आणि मग दिवसभर कुणाशी बोलत नाहीत. मी त्यांना नेणार आहे. गर्दीच्या दिवसांत नाही, एखाद्या साध्या बुधवारी, जेव्हा तिथे बसायला जागा असते आणि कुणी ढकलत नाही. खालचा बर्थ घेऊन, पाय लांब करता येतील असा. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही, माझी रजा वाया घालवू नकोस म्हणतात. त्यांना म्हणू दे. त्या मला कधीच काही मागणार नाहीत. मी मात्र त्यांना एक दिवस त्या पांढऱ्या स्तूपासमोर नेऊन बसवणार, आणि त्या म्हणतील तोवर तिथून उठवणार नाही.